जनवाड्यातला दोन फुटांचा समुद्र

तूर फुलावर आली की बिदरजवळच्या आमच्या जनवाड्यात सकाळपासून माझ्या दुकानाच्या पायरीवर माणसं उभी राहतात. प्रत्येकाच्या हातात तुरीची एकेक डहाळी. डहाळी उलटी करून दाखवतात, फुलाच्या आत हिरवी अळी असते. कुणी कन्नडमध्ये म्हणतं, ‘अण्णा, येनादरू कोडी.’ कुणी मराठीत म्हणतं, ‘काय तर द्या अण्णा, समदं खायलीय.’ मी औषध देतो, किती पाण्यात किती टाकायचं ते सांगतो, वारं बघून फवारा म्हणतो, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करून माणसं निघून जातात. खत, बियाणं आणि कीटकनाशकांच्या या धंद्यात माझे केस पांढरे झाले. यंदाही शिवारात जिकडं बघावं तिकडं पिवळं दिसायला लागलं आहे.

संध्याकाळी दुकान बंद केलं की मी मागच्या नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतो. दोनदा धुतो आणि मगच जिना चढतो. आता तशी गरज उरलेली नाही, वरच्या खोलीत कोणी नाही. पण हात धुतल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय पडत नाही. हा नियम माझ्या सुनेनं, सुवर्णानं घातला होता. ‘मामा, तुमच्या हाताला लागलेलं औषध अळीला मारतंय ना, मग टाकीतल्या झिंग्याला बी मारतंय. ते एकाच भावकीतले हायत,’ असं तिनं मला बजावलं होतं. आयुष्यभर मी अळीचं औषध विकलं, पण अळीची भावकी थेट समुद्रापर्यंत गेलेली आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

टाकी माझ्या थोरल्या मुलाची, शिवराजची. तो काही वर्षं हैदराबादेत नोकरीला होता. तिथं कुठल्याशा दवाखान्यात त्यानं खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली, आत जिवंत प्रवाळ, आणि त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. पुढं नोकरी सोडून तो माझ्याबरोबर दुकानात बसायला लागला, उदगीरच्या सुवर्णाशी त्याचं लग्न झालं, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं दोन फुटांची काचेची टाकी वरच्या खोलीत आणून ठेवली. सोबत समुद्री मिठाची बादली, पांढरी वाळू आणि भोकं भोकं असलेले दगड. मी म्हणालो, ‘आरं, हितून समुद्र कुठल्या बी बाजूला गेलं तरी एका रात्रीच्या वाटंवर हाय. त्या माशाला आपण काय सांगायचं, कामून आणलं म्हणून?’ तो हसला. म्हणाला, ‘अप्पा, आधी पाणी तर मुरू द्या.’

मुरू द्या म्हणजे असं. मिठाचं पाणी भरलं, दगड रचले, दिवा लावला, की लगेच मासे सोडायचे नसतात. त्या दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात. पुढं येणाऱ्या माशांची घाण तेच पचवतात. त्यांना वाढायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तोवर टाकी रिकामीच चालवायची. त्या आठवड्यांत जेवणं झाली की शिवराज टाकीसमोर बसून सुवर्णाला सांगायचा, कोण आधी येणार, कोण नंतर, कोण कधीच नाही. मला खाली ओसरीवर त्यांचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. लेकराचं नाव काय ठेवायचं हे ठरवताना नवराबायको बोलतात, तसा तो आवाज असायचा.

सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत आमच्याकडं लोक डांबरी रस्त्यावर सोयाबीन पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, मळणीचे कष्ट वाचतात. सगळेच करतात, आम्हीही केलेलं आहे. बिदरहून परत येताना शिवराजची मोटरसायकल त्या दाण्यांवरून घसरली. तो जागच्या जागी गेला. टाकीत तेव्हा एकही मासा नव्हता.

दहाव्याला, तेराव्याला आलेली माणसं वरच्या खोलीत डोकावायची. निळसर दिवा, हलणारं पाणी, दगड, आणि आत काहीच नाही. ‘मासे मेले का वो?’ असं हळूच विचारायची. सुवर्णा म्हणायची, ‘आणलेच न्हाईत अजून.’ हे ऐकून बायकांना जास्तच रडू यायचं. एक पाहुणे जाता जाता मला म्हणाले, घर म्हणजे टाकीच असते बघा, एक गेला की सगळ्यांचं पाणी बिघडतं. मला अशा बोलण्याचा फार राग येतो. घर घर असतं आणि टाकी टाकी असते. माझा मुलगा गेला होता, मला त्यावर उपमा नको होती.

सुवर्णानं ती रिकामी टाकी वर्षभर चालवली. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते. ती रोज सकाळी घालायची. काचेवर हिरवा थर धरायचा, तो खरवडायची. उन्हाळ्यात आमच्या बिदर भागात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा ती पाण्याच्या बाटल्या बर्फ करून टाकीत तरंगत ठेवायची, वर टेबलफॅन लावायची. लाईट गेली की आधी टाकीचा पंप इन्व्हर्टरवर आहे का ते बघायची, मग आमचा पंखा. कलावती, म्हणजे माझी बायको, चिडायची. ‘त्यात कोण न्हाई, आन् त्याला वारं कामून घालायलीस?’ सुवर्णा पुढची बाटली भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. मला त्या उन्हाळ्यात तिच्याकडं बघवत नसे. सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेली पोर, आणि तिच्या हातात सांभाळायला काय, तर खारं पाणी.

मग वर्षश्राद्ध झालं. तूर अशीच फुलावर आलेली होती, दुकानात गर्दी होती, आणि सुवर्णा काउंटरपाशी येऊन म्हणाली, ‘मामा, हैदराबादला जायचं का? पाणी मुरलंय.’ मी नागेशला, माझ्या धाकट्या मुलाला, गल्ल्यावर बसवलं आणि चप्पल घातली. जो हंगाम मला आता सारखा आठवतो तो इथून सुरू होतो, तुरीच्या फुलापासून येळवशीच्या सणापर्यंतचा. शिवराज गेल्यानंतर आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते त्या दिवसांत.

माशांचं तसलं दुकान मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि सांगायला हरकत नाही, मला सगळंच हवंसं वाटलं. एक निळाभोर मासा होता, शेपटीला पिवळा. मी म्हणालो, हाच घेऊ. सुवर्णा म्हणाली, ‘ह्यो ताटाएवढा होतोय मामा. आता लहान हाय म्हणून लहानच राहतोय व्हय? आपली टाकी त्याला दोन उड्या बी पुरायची न्हाई.’ मग दुसरा एक दिसला, हिरव्या-निळ्या-केशरी वेलबुट्टीचा. ‘ह्याला दगडातले बारीक किडे लागतेत, दिसभर. आपल्या दगडात तेवढे न्हाईत. ते संपले की ह्यो उपाशी मरतोय. पुढ्यात दुसरं खायला टाकलं तरी बघत न्हाई.’ पुढ्यात ताट असून उपाशी राहणारं माणूस मी वर्षभर घरात बघत होतो, म्हणून त्या माशाबद्दल मी आणखी काही विचारलं नाही.

दुकानदार एक छोटा निळा मासा दाखवत होता. ‘ये ले लो चाचा. ये मरताच नइ. नवे लोगां येइच ले जाते.’ सुवर्णा म्हणाली, ‘नक्को भई. ये दूसरों कू जीने नइ देता.’ दुकानदारानं तिच्याकडं नीट बघितलं आणि मग तो सरळ वागायला लागला. ती मला म्हणाली, ‘ते म्हणायचे, आधी गरीब स्वभावाचे आणायचे. जो आधी येतोय त्यो मालक होतोय. भांडखोर एक तर शेवटी, न्हाईतर कधीच न्हाई.’ ते म्हणजे शिवराज. वर्षभरात तिनं त्याचं नाव काय, ‘ते’ सुद्धा काढलं नव्हतं. त्या दुकानात ती दर दोन वाक्यांनी म्हणत होती, ते म्हणायचे, ते म्हणायचे. माझ्या मुलाचं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. ओसरीवरून जे शब्द कळले नव्हते ते हेच.

आधी नुसत्या गोगलगायी घेतल्या, हिरवळ खाणाऱ्या. मग नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन छोटे क्लाउन मासे. दोन्ही नरच, असं तिनं सांगितलं. दोघांतला जो मोठा होईल तो पुढं मादी होईल आणि दुसऱ्याला धाकात ठेवील. ‘म्हणजे घर कोण चालवायचं ते आपोआप ठरतंय म्हणा,’ मी म्हणालो. ती हसली. परतीच्या वाटेवर झहीराबादपाशी चहाला थांबलो, तर तिनं प्लास्टिकच्या पिशव्या पदराखाली घेतल्या होत्या, उजेड लागू नये म्हणून. चहावाल्याची बाई तिला जागा करून देत म्हणाली, ‘बच्चा सोया क्या?’ सुवर्णानं मान हलवली. मी दुसरीकडं बघितलं.

नवा मासा आला की त्याला पाण्यात लगेच ओतायचं नसतं. बारीक नळीनं टाकीतलं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडायचं, तासभर. त्याचं पाणी आणि आपलं पाणी हळूहळू एक होऊ द्यायचं. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. पुढं मासे खायला लागले तशी सुवर्णा दर आठवड्याला नळीत औषधाचे थेंब टाकून पाण्यातलं नत्र आणि स्फुरद मोजायला लागली. ते वाढलं की तिचं तोंड उतरायचं. आयुष्यभर नत्र आणि स्फुरद कमी पडलं म्हणून तोंड उतरलेली माणसं माझ्याकडं आली, वाढलं म्हणून वाईट वाटणारी ही पहिलीच.

नागेश टाकीला जाळीचं झाकण करून देत होता, पाण्याचे ड्रम चढवत होता. सुवर्णा घरात आली तेव्हा तो बिदरला कॉलेजात होता. त्याच्या परीक्षेत तिनं त्याला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं, नापास झाला तेव्हा आमच्यापासून लपवून ठेवलं आणि दुसऱ्यांदा बसवून पास करून घेतलं. ‘वैनी, भूक लागली’ हे या पोराचं घरात पाऊल टाकताना पहिलं वाक्य. शिवराज गेल्यावर तोही गप्प झाला होता. टाकीनं त्याला पुन्हा बोलतं केलं. दोघं काचेला नाक लावून भांडायचे. ‘वैनी, एक लाल मासा आणू की, लई जागा हाय.’ ‘जागा तुला दिसायलीय, त्यांना न्हाई.’ ‘मंग कुणाला दिसतीय?’ ‘उगी बस.’

दुसऱ्या खेपेला आम्ही गोबी आणि झिंगा आणले. ही जोडी मी सगळ्यांत जास्त बघितली. झिंग्याला जवळजवळ दिसत नाही, पण खणण्यात तो पटाईत. दिवसभर वाळू उपसून बिळाबाहेर आणून टाकतो. गोबी नावाचा तो पिवळट मासा काही काम करत नाही, बिळाच्या तोंडाशी नुसता बसून राहतो, पण त्याची नजर चांगली. झिंगा बाहेर आला की त्याची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो, आणि दोघं आत. एकमेकांचे कोण लागतात, तर कोणी नाही. एक मासा, एक झिंगा. ते एकत्र राहतात, नीट राहतात, आणि त्यांच्यात त्यापलीकडं काही नाही.

कलावती त्या दिवसांत गाणगापूरला जाऊन आली. तिथं राहून तिनं दत्ताला काय मागितलं ते मला सांगितलं नाही, पण आल्यापासून ती जरा शांत होती. वर येऊन दारात उभी राहायची आणि टाकीपुढं हसणाऱ्या सुवर्णा-नागेशकडं बघायची. तिनं जे बघितलं ते खोटं नव्हतं. दोघांचा एकमेकांवर जीव होता. तिनं त्याचा जो अर्थ लावला तो आमच्याकडच्या कुठल्याही आईनं लावला असता. थोरला गेला, तरणी सून आहे, धाकटा बिनलग्नाचा आहे, सून चांगली आहे, तिला बाहेर जाऊ द्यायचं नाही. अशी लग्नं आमच्या भावकीत झालेली आहेत, आणि ती बरी चाललेलीही आहेत.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गावात कुत्रं सुद्धा उरत नाही, सगळं गाव रानात असतं. आम्ही शेतात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडले होते. भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. नेहमीप्रमाणं रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून बसवत होतो, कारण येळवशीला एकट्यानं जेवायचं नसतं. मी आंबिलीचं गाडगं घेऊन बांधाबांधानं पिकावर शिंपडत निघालो. तूर कमरेच्या वर होती, शेंगा भरत आल्या होत्या. त्या दिवशी मला शिवराज गेल्यानंतर पहिल्यांदा बरं वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर तसं कधी वाटलं नाही.

मी कोपीपाशी परत आलो. नागेश उठून विहिरीकडं चालला होता, त्याची पाठ मला दिसली. कलावती सुवर्णाचा हात हातात घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, ‘मी काय वाईट बोलले का? घरातली लक्ष्मी घरात राहील. पोरगी आपली, पोरगा आपला. कुणाच्या दारात जायची पाळी कामून यावी तिच्यावर?’ सुवर्णानं हात सोडवून घेतला नाही. खाली बघत ती म्हणाली, ‘आत्याबाई, त्यो मला वैनी म्हणतो. मी त्याला अभ्यासाला बसवलंय.’ एवढंच. मग ती उठली आणि आलेल्या माणसांना खीर वाढायला लागली. मी कलावतीवर ओरडणार होतो. पण तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला आणखी एक लेकरू घरातून जाऊ द्यायचं नव्हतं. आणि मलाही नव्हतं.

सुवर्णा नाही म्हणाली, त्याचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. वाईट झालं ते पुढं. एकदा ती गोष्ट तोंडातून निघाली, ती मागं घेता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून नागेश वर येईना. ड्रम जिन्याच्या पायथ्याशी ठेवून जायला लागला. सुवर्णा त्याच्यासमोर कधी डोक्यावर पदर घेत नव्हती, ती घ्यायला लागली. ‘वैनी, भूक लागली’ बंद झालं. तो आपल्या हातानं वाढून घ्यायचा आणि ताट घेऊन दुकानात यायचा. शिवराज गेल्यावर त्या दोघांनी एकमेकांच्या आधारानं ते वर्ष काढलं होतं. तिचा नवरा गेला होता; आता तिचा भाऊही गेला. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, कोणी मेलं नाही, कोणी भांडलं नाही, आणि हे झालं. मी टाकीपुढं जाऊन बसायचो. तिथं सगळं जिथल्या तिथं होतं. ती गोबी-झिंग्याची जोडी बघून मला इतका राग यायचा की उठून खाली यायचो.

संक्रांत झाली आणि उदगीरहून तिचे वडील आले. काही दिवस न्यायला आलोय म्हणाले. किती दिवस हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निघायच्या आधी सुवर्णानं मला टाकीपाशी उभं केलं आणि सगळं समजावून सांगितलं. खाणं चिमटीभर, रोज नाही. पाणी रोज. शेवटी म्हणाली, ‘मामा, नवीन काय आणू नका. कितीही सुनंसुनं वाटलं तरी न्हाई.’ मी म्हणालो, बरं. कलावती दारात उभी होती. सुवर्णा तिच्या पाया पडली. कलावतीनं तिच्या ओटीत खण-नारळ घातला; विधवेची ओटी भरत नाहीत हे तिच्या लक्षात होतं, पण तिनं भरली. त्यासाठी मी कलावतीला बाकी सगळं माफ केलं.

नागेश महिन्याभरात पुण्याला नोकरीला गेला. मग घरात आम्ही दोघं आणि वर टाकी. मी उदगीरला जाऊन व्याह्यांना सांगितलं, ‘स्थळ बघा. मी बी येतो बघायला.’ स्थळ लातूरचं निघालं. विनायक नाव, औषधांचं दुकान, पहिलं लग्न मोडलेलं. मी व्याह्यांबरोबर गेलो आणि त्याच्या घरात बसून नको ते प्रश्न विचारले. घरात कोण कोण असतं, राग आला की कोण बोलणं टाकतं, तिला दार लावून बसायला एक खोली आहे का, ती जेवली नाही तर कोणाच्या लक्षात येईल. त्याच्या आईला मी विक्षिप्त वाटलो असणार. शेवटी विचारलं, मासे आवडतात का. तो म्हणाला, ‘खायला का पाळायला?’ म्हटलं, दोन्ही सांगा. ‘खायला न्हाई. पाळले न्हाईत कधी. पण शिकीन.’ घरी आल्यावर कलावतीनं विचारलं, दिसायला कसा आहे, तर मला काही सांगता येईना. मी बघितलंच नव्हतं.

उन्हाळ्यात उदगीरला लग्न झालं, दिवसाउजेडी, मोजक्या माणसांत. लग्नाचं पातळ कलावतीनं निवडलं, पण ती आली नाही. मी अक्षता टाकल्या. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, किती मोठं मन म्हणून. मन बिन काही मोठं नव्हतं. मला बाजूला जाऊन गाडीत बसावंसं वाटत होतं, आणि मी तसा जाऊन बसलोही.

मग यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला. लातूरच्या घरी तिनं आणि विनायकनं टाकी मांडली होती, पाणी मुरलं होतं. ‘मामा, आणता का त्यांना? हितं जागा थोडी जास्त हाय.’ मी आणतो म्हणालो. इतके दिवस ती गेली असली तरी तिचं काहीतरी वर होतं, त्याला खायला घालायला मी जिना चढत होतो.

गेल्या आठवड्यात मी आणि कलावतीनं टाकी उपसली. येळवशीपासून कलावतीनं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. गोगलगायी, क्लाउन सहज मिळाले, पण झिंगा दगडांखाली दडून बसला. एकेक दगड उचलावा लागला. त्याला आणि गोबीला वेगळ्या पिशव्यांत घातलं. कलावती पिशव्या धरून खाली बसली होती. ‘तिला सांगा,’ ती म्हणाली, आणि पिशव्यांच्या गाठी पुन्हा घट्ट करायला लागली. काय सांगू, असं मी विचारलं नाही. भालकीवरून उदगीर आणि उदगीरवरून लातूर, वाटभर दोन्ही बाजूंना पिवळी तूर होती, आणि मी एकटाच गाडीच्या मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो.

सुवर्णा दारातच उभी होती. अंगानं जरा भरली होती. तिनं पिशव्या घेतल्या, एकेकाला उजेडात धरून बघितलं, ‘बारीक झालेत का वो?’ म्हणाली, आणि मग नळी लावून थेंब थेंब पाणी सोडत बसली. मी खुर्चीवर बसलो. तासाभरात भांडं भरत आलं. शेवटी तिनं विचारलं, ‘आत्याबाई बऱ्या हायत?’ मी हो म्हणालो. ‘आन् नागेश?’ तेही सांगितलं. ती मान हलवत राहिली.

विनायकनं पाण्याचा पेला आणून माझ्यापुढं धरला. ‘घ्या मामा. चहा टाकलाय, जेवूनच जायचं.’ सकाळपासून मी प्रवासात होतो, घसा कोरडा पडला होता. पण आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं अन्न-पाणी घेत नाही. जुनी रीत आहे, आता फारसं कोणी पाळत नाही, आणि सासऱ्याला तर ती लागूच होत नाही. मला दोन्ही मुलगेच, त्यामुळं ही रीत पाळायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी पेल्याला नुसता हात लावला आणि म्हणालो, तहान नाही.

त्याला वाटलं त्याचं काही चुकलं. पेला तसाच धरून त्यानं सुवर्णाकडं बघितलं. तिनं नळी खाली ठेवली, पदरानं हात पुसले, मग तोंड पुसलं.

‘राहू द्या,’ ती त्याला म्हणाली. ‘वडील हायत माझे. ते घेणार न्हाईत.’